उसने बूट

नेलीच्या आईने बसच्या पायरीवरून एक पाय खाली टाकला आणि तसाच वर घेतला. खाली रस्ता नव्हताच, नुसता चिखल होता.

"उतरा, आजी," कंडक्टर म्हणाला. "तो काही आज वाळायचा नाही."

नेलीने हात देऊन तिला उतरवून घेतलं. डांबर बसच्या थांब्यापाशीच संपत होतं. पुढे अर्धा मैल चिखल आणि त्या टोकाला हॉकली वसाहतीची लाल विटांची नवीकोरी घरं, त्यातलंच एक नेलीचं. लढाई संपून चार वर्षं झाली होती. घरं झाली, घरात नळ आले, दिवे आले. रस्ता तेवढा राहून गेला होता.

थांब्यामागच्या झुडपांच्या कुंपणाखाली तीसेक जोड रबरी बूट ओळीने उभे होते. शहरात जाणाऱ्या बायका इथवर बूट घालून येत, ते कुंपणाखाली ठेवत आणि शूज घालून बसमध्ये चढत. सगळे बूट काळेच, म्हणून प्रत्येक जोडाला घराचा नंबर लिहिलेला कपड्यांचा चिमटा. आईला आणायला सकाळी शहरात गेलेल्या नेलीचाही जोड तिथे होता. आईसाठी दुसरा आणायचा, हे मात्र ती आनंदाच्या भरात साफ विसरली होती. तिने एक्केचाळीस नंबरचा जोड ओढून काढला.

"हे घाल. डक्सबरीबाईंचे आहेत. त्या गिरणीतून पाचच्या बसने येतात, तोवर आणून ठेवू."

"विचारलंस त्यांना?"

"इथं कुणी विचारत नाही, आई. पुसून ठेवायचे, झालं."

"मी उभ्या जन्मात कुणाचं काही मागून घेतलं नाही, नेली."

हे नेलीला ठाऊक होतं. लढाईत साखर मोजून मिळायची, तेव्हाही आईने चमचाभर साखरेसाठी शेजारचं दार वाजवलं नव्हतं. घोडं इथंच अडलं होतं. जर्मन बॉम्बांतून वाचलेली आईची गल्ली आता नाताळाआधी पाडणार होते. सोमवारपर्यंत कौन्सिलला कळवायचं होतं, म्हाताऱ्यांच्या आश्रमातली खोली हवी की लेकीकडे जाणार. जावयाच्या, व्हिक्टरच्या, मिंध्यात राहायचं नाही, हे आईचं पालुपद ऑगस्टपासून चाललं होतं. आजही ती आली होती ती फक्त घर बघायला, तसं तीनदा बजावून.

आईने आपल्या एकुलत्या एक चांगल्या शूजकडे पाहिलं. मग दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्यावर बसून तिने बूट चढवले.

"मोठे आहेत," ती म्हणाली. जणू तो नेलीचाच अपराध.

घर तिने सगळं पाहिलं, पण चांगलं म्हणून तोंडातून निघालं नाही. गरम पाण्याचा नळ सोडला, बोटं धरली, पटकन बंद केला. मागच्या खोलीत नेलीने खास तिच्यासाठी पलंग घालून ठेवला होता. त्यावर ती टेकलीसुद्धा नाही. भिंतीवरच्या फळीकडे मात्र बघत राहिली.

"ही कुणी ठोकली?"

"व्हिक्टरनं. तुझा हात पोचेल अशी."

"तिरपी आहे."

नेलीने चहाचं आधण ठेवलं. तिचा धीर सुटत चालला होता.

चहा झाल्यावर आई दिसेना. ती मागच्या अंगणात बूट धूत होती. तळव्याच्या खाचांतली माती केसातल्या पिनेने काढत होती.

"अगं, हेच घालून परत जायचंय. पुन्हा भरतील."

"मग तिथं पुन्हा पुसेन."

आणि तिने थांब्यावर खरंच पुसले, स्वतःच्या रुमालाने. साडेचारची बस आली. आई जागची हलली नाही.

"आई, बस."

"त्या बाई पाचला येतात ना? वस्तू वापरली तर तोंडावर सांगायला नको?"

बस गेली. दोघी थंडीत ओट्यावर बसून राहिल्या.

पाचच्या बसमधून डक्सबरीबाई उतरल्या. चांगल्या धिप्पाड, केसांत गिरणीचा कापूस. आई उठली आणि तिने दोन्ही हातांनी बूट पुढे केले.

"हे मी वापरले. न विचारता. आभारी आहे."

डक्सबरीबाईंनी बूट उलटेसुलटे करून पाहिले आणि हसल्या.

"विकत घेतले तेव्हाच एवढे स्वच्छ होते, मावशी. आभार कसले? गेल्या आठवड्यात मीच न सांगता हिचे घालून घरी गेले. माझे तेव्हा फाटले होते, ठिगळ लावायला दिलेले. ही बिचारी शूज हातात घेऊन अनवाणी गेली आणि चकार शब्द बोलली नाही. विचारा."

आईने नेलीकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझ्या सासूचा जोड घरी पडलाय," डक्सबरीबाई बूट चढवत म्हणाल्या. "पाच नंबर. वापरायला कुणी नाही. देऊ का तुम्हाला?"

नेलीने मान खाली घातली. या प्रश्नाचं आईचं उत्तर ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"मला पाचच लागतो," आई म्हणाली. "रविवारी इथं ठेवाल का? हातात सामान असेल माझ्या."

कंडक्टरने परतीची घंटा वाजवली. आई पायरीवर चढली. नेलीने डक्सबरीबाईंचा हात नुसता घट्ट धरून ठेवला.

"अगं, सोड की," त्या म्हणाल्या. "जुने बूट तर आहेत."