भोवतालच्या पेशी

थर्मासचं झाकण उघडताच रक्ताचा उबट वास नाकात घुसला. श्वास रोखून तिने चिमट्याने मेंढीचं अंडाशय उचललं. कत्तलखान्यातून सकाळीच आलेलं, बुळबुळीत, अजून कोमट. घरातली ही थोरली सून इतकी वर्षं संशोधन करत होती, तरी तिला दर वेळी किळस यायचीच.

दुपारी प्रयोगशाळेतल्या आधीच्या बशांचे आकडे हाती आले आणि ती किळस विसरली. पेशींच्या ज्या पुंजक्यांतून तिने सुईने बीज तेवढं ओढून घेतलं होतं, तिथल्या उरलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन भरमसाट बनवत होत्या. बीज जागेवर होतं, तिथल्या पेशी मात्र ते बेतानेच बनवत होत्या.

रात्री जेवताना तिला राहवलं नाही.

"बीज गप्प बसत नाही, आई. भोवतालच्या पेशींनी कोणतं हार्मोन किती बनवायचं, यावर त्याचा लगाम असतो."

सासूबाईंचा वाढता हात थांबला. त्यांनी धाकट्या सुनेकडे पाहिलं. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता.

"म्हणजे बीजच नासकं असलं की भोवतालचं सगळं नासणार. मी वेगळं काय सांगत होते?"

दीर घास चघळतच हसला.

"ऐक गं. आता शास्त्रानंही शिक्का मारला."

त्याच्या हनुवटीवर तेल ओघळलं. डाव्या तळव्याने ते पुसून तोच हात त्याने बायकोच्या पाठीवर थोपटला आणि तिथेच ठेवला. धाकटी ताटात बोटाने रेघा ओढत राहिली.

थोरलीने हातातला घास ताटात परत ठेवला. आपलेच शब्द कुणीतरी चावून ताटात थुंकले होते.

"मी मेंढ्यांबद्दल बोलत होते."

"मेंढी काय नि बाई काय," सासूबाई म्हणाल्या.

"भाऊजी, तुमची तपासणी झालीय?"

दिराचा घास हातातच राहिला. थोरलीच्या नवऱ्याने ताट पुढे ढकललं.

"जेवताना काय हे किळसवाणं बोलणं!" तो तिच्यावर खेकसला.

"शी!" सासूबाईंनी तोंड फिरवलं.

मग धाकटीने मान वर केली.

"नाही झाली," ती म्हणाली. "मी दोनदा दवाखान्यात यांचं नाव नोंदवून आले. दोन्ही वेळा हे दारातूनच परतले."

आणि पाठीवरचा तो तेलकट हात तिने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.