तबकडीतले सरण

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जेवणाच्या पंक्तीत मला शोधू नका, मी ग्रामोफोनवरची. लाख, दगडाची पूड आणि काजळी मळून कलकत्त्याच्या एका कारखान्यात मला दाबून काढले, म्हणून मी रंगाने काळी आणि स्वभावाने ठिसूळ. माझ्या पोटात रंगूनच्या एका भिक्खूंचा आवाज आहे. 'बुद्धं सरणं गच्छामि' असे ते संथपणे म्हणतात. यापलीकडे फारसे काही मला बोलता येत नाही आणि त्यापायीच पुढचे सारे घडले.

ब्रह्मदेशातल्या एका विहारात मी सुखात होते. दिवस कलला की तिथले म्हातारे भिक्खू मला लावत आणि डोळे मिटून ध्यानाला बसत. मग लढाई आली. विहाराचे छप्पर उडाले, ग्रामोफोन फुटला, मी मात्र वाचले. त्या पावसाळ्यात मराठा पलटणीचे दोन शिपाई तिथे आसऱ्याला आले. एक कुंडलचा ज्ञानू आणि दुसरा जत भागातला, मेंढपाळाच्या घरचा सिद्धू. ग्रामोफोन नव्हता, म्हणून म्हातारे भिक्खू आता माझे शब्द स्वतःच म्हणत आणि हे दोघे ऐकत. निघताना भिक्खूंनी मला ज्ञानूच्या हाती दिले. त्याने मला कांबळ्यात गुंडाळले, पण चालताना त्याच्या पट्ट्याचे बक्कल घासून माझ्या अंगावर एक चीर पडली. त्याला फार वाईट वाटले. कितीतरी वेळ तो अंगठ्याने ती चीर पुसत बसला होता.

पुढे सिद्धूच्या पायाला गोळी लागली. त्याला घरी धाडले तेव्हा ज्ञानूने मला त्याच्याकडे सोपवले. "आईला म्हनावं, डोळं मिटून ऐक," एवढाच निरोप दिला. त्यानंतर ज्ञानू नदीपलीकडे गेला आणि त्याचा पत्ता लागला नाही. तो मेला हे कोणी पाहिले नाही, जगला असेही कोणी सांगेना. सरकारने 'बेपत्ता' म्हणून कळवले आणि हात झटकले.

सिद्धूने मला कुंडलला आणले, पण ज्ञानूच्या आईला, मनुबाईंना, तोंड कसे दाखवावे हे त्याला कळेना. उंबऱ्यावर मला ठेवून, निरोप सांगून, पाण्याचा घोटही न घेता तो लंगडत निघून गेला. शेजारच्या हंबीररावांकडे कर्ण्याचा ग्रामोफोन होता. तो सोप्यात आणून त्यांनी मला लावले. सारी आळी जमली. भिक्खूंचा आवाज सुरू झाला आणि सुई नेमकी त्या चिरेत अडकली. 'सरणं... सरणं... सरणं...'

मित्रांनो, सरण म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. जमलेल्यांच्या अंगावर काटा आला. मनुबाई भिंतीला टेकल्या.

"माझा ज्ञानू सरण मागतोय," त्या म्हणाल्या. "त्येला लाकडं मिळाली न्हाईत."

मला फडक्यात बांधून आढ्याला अडकवले. पण निघालेला शब्द काही परत येत नाही. मला कोणी लावत नव्हते, तरी ते घर मला ऐकत होते. जात्याच्या घरघरीत, मोटेच्या कुरकुरीत मनुबाईंना तोच शब्द ऐकू येई. चुलीत लाकूड सारताना त्यांचा हात थबके. आणि खरे सांगते, वर अंधारात मलाही वाटे की कोणाचा तरी अंगठा माझ्या चिरेवरून हळूहळू फिरतो आहे. मी घाबरून जाई.

शेवटी भावकीने ठरवले की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. ज्ञानूचे वडील नाथाजी जेवणावरून उठून गेले. पुतळा जळाला की आपला मुलगा खरोखरच मेला, असे त्यांना वाटे. आणि त्याच दिवशी सुनेचे, विजयमालाचे, कुंकू पुसायचे होते. तिला कोणी विचारलेच नाही. पुतळ्याच्या छातीवर मला ठेवायचे असेही ठरले, कारण त्याच्याकडून आलेले घरात दुसरे काही नव्हते. लाख चांगली पेटते, हे मला ठाऊक होते.

सिद्धूच्या घरच्या मेंढ्या तेव्हा कुंडलच्याच शिवारात बसल्या होत्या. विजयमाला स्वतः तिथे गेली आणि त्याला घेऊन आली. सासूसमोर बसवून तिने त्याला विचारले, की तिकडे तो शब्द ऐकून ज्ञानू काय म्हणाला होता?

"मावशी, त्यो शबुद आपला न्हाई," सिद्धू म्हणाला. "तिकडं सरण म्हंजी आसरा. ज्ञानूबी पयल्यांदा फसला. आमाला जाळताय का काय, म्हनून त्यानं म्हाताऱ्याला इचारलं आन् लय हसला."

"हसला हुता?" मनुबाईंनी विचारले.

"लय हसला. मग रोज डोळं मिटून बसायचा."

मनुबाईंनी मला खाली काढायला लावले, हंबीररावांचा ग्रामोफोन आणवला आणि स्वतः किल्ली दिली. सुई चिरेशी आली, अडकली. त्यांनी बोट पुढे केले आणि सुईला हलकेच ढकलले.

"पुढं चल, बाळा."

त्या दिवशी मी त्या घरात प्रथमच शेवटपर्यंत म्हटले. सगळे डोळे मिटून बसले होते. पुतळा झाला नाही. ज्ञानू मात्र अजून आलेला नाही. विजयमालाच्या कपाळावर कुंकू आहे, ते सुखाचे आहे असे मी म्हणणार नाही. दिवेलागणीला मी वाजते, तेव्हा नाथाजींची नजर दाराकडे जाते आणि मनुबाईंचे बोट माझ्याकडे येते.

परवा हंबीरराव म्हणाले, मेण भरून ती चीर बुजवून देतो, म्हणजे सुई अडकणार नाही. मनुबाईंनी मला पदराखाली घेतले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तितंच त्यो मला भेटतोय."

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावरचे ओरखडेही जपा. कोणाचा आवाज मध्येच अडकला, तर हलके बोट लावून त्याला पुढे जाऊ द्या. पुरते ऐकल्याशिवाय कोणाचे सरण रचू नका.