आईच्या डब्यातल्या गोळ्या

बायको गेल्याचं त्याला कळलं, तेव्हा त्याच्या काखेत सात पाट्या होत्या.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. काम सुरू करण्याआधी प्रत्येक मजल्यावर दाराशी पाटी अडकवायची, 'आत माणूस आहे, बटण दाबू नये'. काम संपलं की सगळ्या पाट्या उतरवून मोजायच्या आणि मगच दुसरं काही. एकतीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशीही सातही पाट्या काढून तो लिफ्टच्या मशीनच्या वरच्या खोलीत आला, पिशवीतून फोन काढला, तर लेकीचे अकरा फोन येऊन गेलेले. बारावा त्याने उचलला.

"बाबा, आई गेली," ती म्हणाली.

सकाळी कपडे वाळत घालताना पडली, दवाखान्यात नेईपर्यंत होती, मग नव्हती. "तुम्ही फोन का नाही उचललात?" असं लेकीने नंतर घरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आत आवाज येत नाही गं." तिने मान हलवली. विषय तिथेच संपला.

चौथ्या दिवशी त्याने फळीवरचा बायकोच्या औषधांचा डबा उचलला. ब्लड प्रेशरच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम, अर्धवट बाटल्या. तो डबा दिसला की त्याला वाटायचं, आता ती हाक मारेल, "अहो, पाणी द्या, गोळी घ्यायचीय." सहन होईना. औषधांच्या दुकानात जुनी औषधं टाकायची पेटी असते, तिच्यात त्याने डबा उपडा केला आणि धुऊन परत फळीवर ठेवला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कुणाला? औषधं जिची होती, तीच राहिली नव्हती.

लेक त्याच्याकडेच राहायची. जावई लांबच्या मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. पदरात दहा महिन्यांची मुलगी. तिला सगळे गठुडं म्हणत, कारण कुठेही ठेवलं तरी ती तशीच बसून राहायची. जावई आठवड्याने पोचला, चार दिवस राहिला आणि गेला.

तो गेल्यावर साडेतीन आठवड्यांनी एका सकाळी बापाने पाहिलं, तर लेकीने कपाट जमिनीवर ओतलं होतं. गठुडं मधोमध बसून आजीचा स्वेटर चघळत होतं.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

"काही नाही शोधायला एवढं कपाट लागतं?"

ती एकेक घडी उलगडून झटकत राहिली. तो चहा करून घेऊन आला. कप तिच्या हातात दिला तर तिने तो न पिताच बाजूला ठेवला.

"आईच्या डब्यात माझ्यापण गोळ्या होत्या, बाबा."

"तुझ्या? तुला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून होत्या." आणि तो तसाच बघत राहिला तेव्हा ती चिडून म्हणाली, "गठुडं झालं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? विसरलात?"

विसरणं शक्यच नव्हतं. रक्त थांबत नव्हतं. चार बाटल्या रक्त चढवलं होतं. डॉक्टरने त्याला आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, निदान तीन वर्षं दुसरं मूल नको, जिवावर बेतेल. त्या दिवसापासून बायकोने ते काम आपल्याकडे घेतलं असणार. त्याच्या ते कधी डोक्यातही आलं नव्हतं. बायकांचं बायका बघतील, असं धरून तो चालला होता.

"मग त्याच आण की दुकानातून."

"नाव माहीत नाही ना! एखादं रिकामं पाकीट तरी सापडतंय का, ते बघतेय. आई आणायची, रोज संध्याकाळी पाण्याबरोबर हातावर ठेवायची. घे म्हणायची, मी घ्यायचे. तुम्ही डबा रिकामा केलात, मला वाटलं थोडे दिवस नाही घेतली तर काय होतंय. आणि तुम्हाला कसं सांगणार?" मग खाली बघत म्हणाली, "पाळी आली नाहीये."

तो भिंतीला टेकून खाली बसला. लिफ्टवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचा: कुठली वायर कुठल्या मजल्याला जाते, ते कळल्याशिवाय ती काढायची नाही. काढण्याआधी विचारायचं. आणि त्याने स्वतःच्या घरात न विचारता अख्खा डबा काढून टाकला होता.

"ऊठ," तो म्हणाला. "चपला घाल."

"कुठे?"

"आई गोळ्या कुठून आणायची, ते तर माहीत असेल?"

ते माहीत होतं. दोन रस्ते सोडून सरकारी आरोग्य केंद्र होतं, तिसऱ्या मजल्यावर. तिथली सिस्टर ठेंगणी, जाड चष्म्याची, आवाज खणखणीत. तिने लेकीचं नाव वहीत पाहिलं, मग मागे लिफ्ट कंपनीच्या शर्टात उभ्या असलेल्या बापाकडे.

"अगंबाई, म्हणजे तू त्या मावशींची मुलगी! दर महिन्याला यायच्या. मी म्हणायचे, मुलीला घेऊन या. त्या म्हणायच्या, ती लाजते. या महिन्यात आल्या नाहीत?"

"आई वारली," लेक म्हणाली.

सिस्टरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग लेकीचा दंड धरून तिला आत बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. शेवटची गोळी कधी, नवरा कधी आला होता, बाळ अंगावर पितं का. तपासणीची छोटी बाटली हातात देऊन म्हणाली, "जा. पाच मिनिटांत कळेल. आत्ताच घाबरू नकोस, घाबरायचं असेल तर नंतर मी सांगेन."

तो गठुड्याला कडेवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. समोर लिफ्ट होती. दर वेळी दार बंद होताना खालून खर्र आवाज यायचा. दार ज्यावर सरकतं तो खालचा गुटका झिजलाय, तो मनात म्हणाला. एरवी तो उठून बघायला गेला असता. आता त्याला उठवेना. चार बाटल्या रक्त, एवढंच डोळ्यांपुढे होतं. डबा उपडा करणारे हात आपलेच. गठुड्याने त्याचा कान धरून ओढला.

"काका, आत या!" सिस्टरने हाक मारली.

टेबलावर पांढरी पट्टी होती. तिच्यावर एकच रेघ.

"एक म्हणजे?" त्याने विचारलं.

"एक म्हणजे नाही. नाही राहिलेलं. नवरा जाऊन इतके दिवस झालेत, त्यामुळे यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. रक्त कमी, झोप कमी, त्यात आई गेली. पाळी मागेपुढे होणारच."

लेक रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. त्याला काय करावं ते समजेना, म्हणून त्याने गठुड्याची टोपी काढली आणि परत घातली. छातीवरचं ओझं कुणी दोन्ही हातांनी उचलून नेल्यासारखं वाटलं. मग तो दाराकडे निघाला.

"कुठे निघालात? बसा!" सिस्टर म्हणाली. "तुमच्या बाई चांगल्या होत्या, पण सगळं स्वतःच्या पदरात बांधून ठेवलं. आता घरात दोघांना तरी माहीत असू दे."

"बाबा, बसा," लेकही म्हणाली.

तो बसला आणि पंख्याकडे बघू लागला. सिस्टरने एक ट्रे मांडला. ही तुझी गोळी, अंगावर पाजणाऱ्या बाईला चालणारी. रोज ठरल्या वेळी, चुकली तर उपयोग कमी. हे इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक. ही तांबी, गर्भाच्या पिशवीत बसवायची, वर्षानुवर्षं काम करते, पण सुरुवातीला पाळीला रक्त जास्त जातं, आणि तुझं रक्त आधीच कमी. ही बघ, काडीपेटीतल्या काडीएवढी. दंडाच्या कातडीखाली बसवतात. तीन वर्षं.

"तीन?" लेक पुढे सरकली. "आणि ती काढली की मूल होतं?"

"काढली की होतं."

"मध्येच नकोशी झाली तर?"

"तर मध्येच ये. काढून देईन. पाळीचा नेम राहात नाही, कधी डाग पडतात, कधी येतच नाही. ते आधी ऐकून घे, मग ठरव. आणि अशी कधी चूक झालीच, तर दोन-तीन दिवसांत धावत ये, तेवढ्यात घ्यायची वेगळी गोळी असते. महिनाभर कपाटं उपसत बसू नकोस."

अजून चार प्रश्न लेकीने विचारले. रोज पाण्याबरोबर गोळी गिळणारी हीच का, असं त्याला वाटलं. पंख्याकडे बघत त्यानेही एक विचारलं, "दुखेल का तिला?"

"बधिर करते, काका. लिफ्ट नाही बसवायचीय."

लेकीने नवऱ्याला फोन लावला. गाडीच्या आवाजात तो ओरडून म्हणाला, "दंड तुझा आहे, तू ठरव! मला काही करायचं असेल तर सांग!"

"आहे म्हणावं!" सिस्टर फोनपाशी जाऊन ओरडली. "पहिले सात दिवस याचा भरवसा नाही. तेवढ्यात आलात तर कंडोम वापरा, पाकीट बायकोकडे देतेय!"

बाप पंख्याची पाती मोजू लागला. तीनच होती. परत मोजली.

दुपारी दंडाला पट्टी बांधून लेक बाहेर आली. सिस्टरने दिलेलं कार्ड तिने बापाला वाचून दाखवलं: कधी बसवली, कधी काढायची, काय झालं तर यायचं. ती घरी येऊन फळीवरच्या रिकाम्या डब्यात ते ठेवायला गेली, मग थांबली आणि दाराच्या मागे, दोघांना दिसेल असं, खिळ्याला अडकवलं.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. गठुड्याला मांडीवर घेऊन म्हणाली, "तुम्हाला सांगितलं ते बरं झालं, बाबा. उगाच तुम्हाला घाबरले."

"मला कसलं घाबरायचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन आरोग्य केंद्रात गेला, तळमजला धरून चार मजल्यांवर चार पाट्या लावल्या आणि दाराचा गुटका बदलून दिला. आता खर्र आवाज येत नाही.

लेकीने आपलं सगळं सांगून टाकलं. त्याने नाही. बायको गेली त्या दिवशी लिफ्टच्या शाफ्टमध्ये वरच्या खोलीतल्या फोनचा आवाज नीट येत होता, अकराही वेळा. ऑफिसचा असेल म्हणून त्याने आधी पाट्या उतरवल्या. हे लेकीला सांगायचं अजून राहिलं आहे.