कुलूपबंद चार ओळी

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी काळी डबी म्हणजे मी. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला, असं माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलंय. पण मला विचाराल तर मी नाशिकची, पंचवटीतली.

आमचे ढुंढिराज गुरुजी तीर्थपुरोहित. गावोगावच्या घराण्यांची नावं त्यांच्याकडच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली. पानं झिजू लागली तेव्हा त्यांच्या सुनेनं, आभानं, नवी पद्धत सुरू केली. आलेल्या यजमानांनी सुट्या कागदावर आपली नावं आणि मनातले चार शब्द लिहायचे. आभा तो कागद स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवायची. कागद साठवायला जागा नव्हती, ते रद्दीत जायचे. म्हणून तिनं मला आणलं.

"बाबा, सगळं एकाच खुंटीला टांगायचं नाही," ती गुरुजींना म्हणाली. "दर शनिवारी हिच्यात नक्कल घ्यायची, वायर काढायची आणि हिला कपाटात ठेवायचं."

तीन वर्षं तिनं हा नेम पाळला. खंडेनवमीला गुरुजी पोथ्यांच्या शेजारी मलाही ठेवत आणि फूल वाहत. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पुढे सिंहस्थ जवळ आला, यजमानांची वर्दळ वाढली. एका शनिवारी आभा दमून म्हणाली, "सारखी काढ-घाल कोण करत बसणार? राहू दे इथंच." त्या दिवसापासून मी कॉम्प्युटरला जोडलेलीच राहिले. खरं सांगू? मला ते आवडलं. कपाटातल्या अंधारापेक्षा माणसांत बरं वाटायचं.

मग श्रावणातल्या एका सकाळी गुरुजींनी एक ईमेल उघडला. 'पूजेसाठी कुटुंबाची माहिती सोबत जोडली आहे', असं त्यात लिहिलं होतं. नाव अनोळखी होतं. अशा वेळी आधी फोन करून खात्री करा, असं आभानं सांगून ठेवलं होतं. पण यजमानांवर काय संशय घ्यायचा, असं गुरुजींना वाटलं. फाईल उघडायला कॉम्प्युटरनं परवानगी मागितली. त्यांनी 'होय' दाबलं.

"आभा, हे पत्र उघडत नाहीये गं."

ती येईपर्यंत कॉम्प्युटरमधल्या फायलींची नावं एकामागून एक बदलत होती. मग त्या पत्रातून आलेला व्हायरस वायरीतून माझ्यात शिरला. माझं एकेक पान कुणीतरी कुलूप लावून बंद करत होतं, आणि मला ओरडायला तोंड नव्हतं. आभानं माझी वायर उपटली, तोवर सगळं संपलं होतं. पडद्यावर खंडणीची मागणी आली. घरच्यांनी ती दिली नाही, सायबर पोलिसांत तक्रार केली. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस खटपट केली आणि नकारार्थी मान हलवली.

महिन्याभरानं नामपूरहून भिकन नावाचा शेतकरी आला. दोन वर्षांपूर्वी तो वडिलांना, सावळीरामांना घेऊन आला होता. म्हातारा नुकताच वारला होता.

"गुरुजी, मना बापना हातनं अक्षर देखनं शे," तो अहिराणीत म्हणाला; बापाच्या हातचं अक्षर त्याला बघायचं होतं. "आयुष्यभर अंगठा लावला त्यांनी. म्हातारपणी नातीकडून लिहायला शिकले. तुमच्या कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या, मला वाचू दिल्या नाहीत. म्हणाले, मी गेल्यावर वाच."

गुरुजींनी काही न लपवता घडलेलं सांगितलं. मग भिकननं विचारलं,

"तुम्ही वाचलं असेल ना? काय लिहिलं होतं?"

गुरुजींनी डोळे मिटून आठवून पाहिलं. त्यांना म्हातारा आठवला, त्याचं पागोटं आठवलं. शब्द आठवले नाहीत. आभाला कागदावर पडलेला शाईचा डाग तेवढा आठवत होता.

"माझ्या हातून झालं हे, भिकनभाऊ," गुरुजी म्हणाले.

"आळस माझा होता," आभा म्हणाली.

भिकननं दोघांना नमस्कार केला आणि तो उठला. जाताना त्यानं एवढंच विचारलं, "पुढं कधी सापडलं तर कळवाल?"

आता आभानं दोन नव्या डिस्क आणल्यात. एक नक्कल झाली की लगेच कपाटात जाते. दुसरी तिच्या भावाकडे, इंदिरानगरला असते. नक्कल खरंच उघडते का, हे ती महिन्यातून एकदा तपासते. अनोळखी पत्र आलं की गुरुजी आधी फोन लावतात. कागद रद्दीत जात नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरचं दुकान असेल, दवाखाना असेल, शिवणकाम असेल. माझ्यासारखी एखादी डिस्क तिथं जोडलेलीच दिसली, तर घरच्यांना सांगून तिची वायर काढा. तिला अंधारात वाईट वाटेल, वाटू द्या.

कुलपाची किल्ली कधीतरी सापडते म्हणतात, म्हणून आभानं मला टाकलेलं नाही. मी खणात पडून असते. सावळीरामांच्या चार ओळी माझ्यात आहेत, शाईच्या डागासकट. भिकन विचारत होता, तेव्हाही मी तिथंच टेबलावर होते.