कडीचं नाणं

बडनेऱ्याच्या पोस्टातून निवृत्त झाल्यावर उत्तमराव नाण्यांच्या नादी लागले. भोकाचे पैसे, ढबू, संस्थानांची तांब्याची नाणी असं करत दोन वह्या भरल्या. मग एकच ध्यास उरला: एक तरी सोन्याचं नाणं आपलं असावं. पण भाव विचारला की पेन्शनीतला माणूस चष्मा पुसतच बाहेर पडे.

अकोल्याच्या नाणे-प्रदर्शनात शेखर नावाच्या व्यापाऱ्यानं वाट दाखवली.

"काका, पयलं सोनं घेताना राजाचं नाव नका पाहू, वजन पाहा. अन् कडीचं घ्या."

"कडीचं म्हंजे?"

"कोन्या बाईनं गळ्यात घातलेलं. कडी काढली तरी डागाची खून राहते. मोठे लोक नाक मुरडतात, म्हनून स्वस्त. निव्वळ सोन्याच्या भावात घ्या. फक्त धुवू नका, बाप्पा. धुतलं की नाणं मेलं."

करंगळीच्या नखाएवढी चकती. तिच्यावर बसलेली एक बाई, चेहरा पार झिजलेला. देवी असेल, असं म्हणून उत्तमरावांनी ती घेतली.

घरी बायकोनं, पार्बताबाईंनी, चकती तळहातावर ठेवली आणि विंचू दिसावा तशी टेबलावर टाकली.

"कोनाचं आनलं हे?"

"विकत आनलं. काहून?"

त्या आत निघून गेल्या. दुपारी ताट वाढून घेतलं, पहिला घास उचलला आणि तसाच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उत्तमरावांना स्वयंपाकघरातून हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं. आत तर त्या एकट्याच होत्या.

उत्तमरावांनी भिंग घेतलं. झिजलेल्या बाईच्या मांडीशी, खाचेत, कुंकू होतं. त्याखाली तूप, कधीचं कोण जाणे, दगडासारखं गोठलेलं. पण चकती ठेवलेली वही उघडली की खोलीत ताज्या कढवलेल्या तुपाचा वास येई. आणि चकती बोटाला ऊन लागे, आत्ताच कुणाच्या गळ्यातून काढल्यासारखी. उत्तमरावांनी तिसऱ्यांदा वही मिटली आणि रामनाम घेतलं.

एकादशीला अमरावतीत कीर्तन होतं. उत्तमराव नेहमीप्रमाणे टाळ घेऊन मागे उभे राहिले. उत्तररंगात बुवा हात जोडून म्हणाले, "मायबापहो, देवाला रोज नैवेद्य दाखवता. देव काही उपाशी नाही. पण तुमच्या घरात कुणी उपाशी उभं आहे का, ते एकदा वळून बघा!" सगळे हसले. उत्तमरावांचा टाळ मात्र चुकला. बायकांमधून पार्बताबाई त्यांच्याचकडे बघत होत्या.

परतताना ऑटोत त्या बोलल्या.

"ते नाणं नोहे. सवतीची पुतळी हाये. माह्या आजीच्या गळ्यात होती तशीच. पयली मेली की दुसरीनं तिची पुतळी घालायची. आपल्या आधी तिले तूपभात, आपल्या आधी तिले नवं लुगडं. तवा ती शांत राहते."

उत्तमराव बाहेर बघत राहिले. त्यांची पहिली बायको रागिणी लग्नानंतर आठच महिन्यांत तापानं गेली होती. छत्तीस वर्षं झाली. फोटो त्यांनीच उचलून ठेवला होता, तिचं नाव घेणंही टाकलं होतं. त्याच वर्षी पार्बताबाई नवरी होऊन आल्या, तेव्हा माहेराहून त्यांच्या आईनं पुतळी आणली होती. "असलं खूळ माह्या घरात नको," म्हणून उत्तमरावांनीच ती परत पाठवली होती.

"मले ती कधी दिसली नाई," पार्बताबाई म्हणाल्या. "पन घास उचलला की वाटते, दारात कोनी उभं हाये. छत्तीस वर्सं झाली, अवो. एक दिवस पोटभर जेवली नाई मी."

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी शेखरला फोन केला. तो ओशाळला. "माहीच चूक, काका. पुतळी नाण्यांत मिसळली. आनून द्या, तेवढ्याच सोन्यात जुनं फनम देतो, दक्षिनेतल्या राजांचं बारीक नाणं. दानंभर हाये, पन खरं नाणं."

खरं सोन्याचं नाणं! उत्तमरावांनी चकती खिशात घातली, पिशवी घेतली, स्टेशनच्या वाटेला लागले. कोपऱ्यावर सोनाराचं दुकान होतं. चकती खिशातून मांडीला ऊन लागत होती. ते थांबले.

"कडी डागून द्या."

सोनार हसला. "संग्रहात मग काई किंमत राहनार नाई, काका."

"नको राहू दे."

काळ्या दोऱ्यात ओवलेली पुतळी त्यांनी पार्बताबाईंच्या हातावर ठेवली. त्या बिचकल्या. "पन हे तर दुसऱ्याच कोन्या बाईचं हाये वो."

"तिलेही आता कोनी इचारत नसन. दोघींले मिळून निवद दाखव."

पाटावर केळीचं पान मांडलं. भात, वरण, तुपाची धार. पार्बताबाईंनी पुतळी पानाजवळ धरली, पण हाक मारायला नावच कुठं ठाऊक होतं? त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

उत्तमराव पाटापुढे वाकले. "रागिणी," ते म्हणाले. "जेव, बाई."

दाराचा पडदा हलला. बाहेर वारा नव्हता. पार्बताबाईंनी पुतळी गळ्यात घातली, ताट पुढे ओढलं, पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग लोणच्याची बरणी उघडताना त्यांनी विचारलं, पण उत्तमरावांना नाही,

"तुमाले तिखट चालते ना, बाई?"