रामाजीच्या स्लॅबचे चार दिवस

सिंधुताईंनी टीव्ही बंद केला तेव्हा शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या. भाऊरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण समोर पाहुणी बसलेली पाहून मिटून घेतलं. पाहुणी म्हणजे शेजारच्या जुनवानी गावची प्रेरणा. रायपूरच्या प्रयोगशाळेत काम करणारी ही मुलगी पाच महिन्यांपूर्वी नवरा-बायको दोघांचंही रक्त घेऊन गेली होती आणि आज निकाल घेऊन आली होती. अशा वेळी अकरा धावांचं काय घेऊन बसायचं?

तेव्हा सिंधुताईंचा ताप बारा दिवस हटला नव्हता. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. ताप उतरला, पण बोटं सुजली ती सुजलीच. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. या नॉर्मल शब्दाने त्यांचा जीव नकोसा केला. शेजारच्या सत्यशीलाबाई म्हणाल्या, मोकळ्या हवेत फिरा. मुलगा फोनवर म्हणाला, आई, जास्त विचार करू नको. आणि भाऊराव तर सरळच म्हणाले, "तुले वहम झाला." पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर चौतीस वर्षांत एकही सिक लीव्ह न घेतलेला माणूस तो. त्याचं सर्टिफिकेट हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घरी टीव्हीच्या वरच टांगलेलं. त्याला आजारपण काय समजणार? वहम, म्हणजे नुसते मनाचे खेळ. सिंधुताईंना दुखण्यापेक्षा तो एक शब्द जास्त दुखायचा. आपण खोटं बोलत नव्हतो, एवढंच कोणीतरी सांगावं, बस.

प्रेरणाने फाईल उघडली.

"काकू, तुमच्या रक्तात एक विषाणू निघाला. नवीनच आहे. जगातल्या कोणत्याच यादीत नाही."

"मंग तुमाले कसा भेटला?" भाऊरावांनी विचारलं.

"आपण ठरावीक रोग शोधतच नाही, काकाजी. मशीन रक्तातलं जेवढं काही आहे, तेवढं सारं वाचते. रेल्वे यार्डात उभ्या प्रत्येक वॅगनचा नंबर वाचावा ना, तसं. रजिस्टरमधले नंबर काढून टाकले की बिनओळखीचे तेवढे उरतात."

सिंधुताईंचं वॅगनकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे मले खरंच काही झालं होतं," त्या म्हणाल्या. पदराने डोळे टिपून त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की भाऊराव चष्मा पुसायला लागले.

प्रेरणाने फाईल मात्र मिटली नाही.

"थोडी अडचण आहे. काकाजी, तुमचाही रिपोर्ट आहे. काकूसमोर सांगू ना?"

"सांग ना. आपल्याले काय लपवाचं हाये?"

"तोच विषाणू तुमच्या रक्तात पण निघाला."

भाऊरावांचा चष्मा हातातच राहिला.

"तुमचं रक्त आम्ही तुलनेसाठी घेतलं होतं, घरातला ठणठणीत माणूस म्हणून. फॉर्मवर 'बुखार आया था?' याच्यासमोर तुम्ही 'नहीं'वर खूण केली आहे. आता आमचे सर म्हणतात, ठणठणीत माणसाच्या अंगात पण हा सापडते, म्हणजे हा बिनकामाचा. काकूचं दुखणं ह्याच्यानं नसेल. म्हणून म्हटलं, पक्कं करायच्या आधी एकदा विचारून यावं."

हाती आलं होतं ते पुन्हा चाललं. सिंधुताईंना वाटलं, आता परत नॉर्मल. त्या मांडीवरची बोटं एकेक करून चोळत राहिल्या.

भाऊरावांनी त्या बोटांकडे पाहिलं. मग सर्टिफिकेटकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे.

"आला होता," ते म्हणाले.

"काय?" प्रेरणाने विचारलं.

"ताप. हिच्या आठ दिवस आधी."

"आठ दिवस आधी तं तुमी कुरुद गावाले होते," सिंधुताई म्हणाल्या. "तुमच्या दोस्ताच्या, रामाजीभाऊच्या घराचा स्लॅब टाकाचा होता. चार दिवस. मी डबाभर चिवडा देला होता."

"स्लॅब नोहता. घरून निंगालो तवाच अंग तापून राहिलं होतं. त्याच्या खाटेवर पडून होतो. चिवडा त्याच्या पोरायनं खाल्ला."

"आन् मले कावून नाई सांगतलं?"

"सांगतोच म्हटलं. तं तू पडली. मंग तुले वहम म्हणून बसलो, मंग कोणत्या तोंडानं सांगू?" भाऊरावांचा आवाज अगदी बारीक झाला. "चुकलंच माह्यं."

"बोटं दुखतात?" प्रेरणाने विचारलं.

"रोज सकाळी मूठ नाई मिटत."

म्हणून हा माणूस तीन महिन्यांपासून दाढी करायला न्हाव्याकडे जात होता तर! सिंधुताईंना राग आला, खूप आला, आणि त्याच्या मागोमाग हसूही यायला लागलं. चौतीस वर्षांची अब्रू राखायला माणूस दुसऱ्याच्या खाटेवर जाऊन तापतो, याला काय म्हणावं?

प्रेरणाने 'नहीं' खोडलं, ताप चार दिवस असं लिहिलं आणि भाऊरावांची सही घेतली. "आता सर ह्याला बिनकामाचा म्हणणार नाहीत," ती म्हणाली. ती फाईल बंद करते आहे तोच सत्यशीलाबाई दारात आल्या.

"रायपूरची पोरगी आली म्हणे. काय निंगालं व सिंधुताई?"

"निंगाला एक विषाणू. जगात नाई असा. वहम नोहता माह्या."

"मायबाई! आन् भाऊजीले?"

भाऊराव बंद टीव्हीकडे टक लावून बसले होते. पाच महिने सिंधुताईंनी हिशेब चुकता करायची वाट पाहिली होती, आणि आता सत्यशीलाबाईंना एक वाक्य सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या हुडकोत झालं असतं. त्यांनी एकदा प्रेरणाकडे पाहिलं.

"त्यायले काय होते?" त्या म्हणाल्या. "लोखंड हाये ते."

प्रेरणाने फाईल पिशवीत टाकली. भाऊराव उठले आणि कोणी न सांगता चहा ठेवायला आत गेले. भांडी वाजली, गॅस पेटला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अवं, हा साखरेचा डबा उघडून दे ना."

सिंधुताई आत गेल्या. त्यांनी ओढून पाहिलं, मग दोघांनी मिळून ओढून पाहिलं. शेवटी डबा प्रेरणाने उघडला.