अठ्ठावन्नला आधी कसे कळले

त्या उन्हाळ्यात स्लेट फोर्डच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर सलग तीन शनिवारी एकच गोष्ट घडली. लाल रंगाची अठ्ठावन्न नंबरची गाडी पुढे होती आणि निळी सत्तावीस तिच्या मागे. पिवळा झेंडा पडला. धोक्याच्या या खुणेने गाड्या संथ होतात; त्या वेळात आत शिरून टायर बदलायचे, असे सत्तावीसने ठरवले. सत्तावीस वळण्याआधीच अठ्ठावन्न आत शिरली. ज्या झेंड्याला सत्तावीसने बाहेर राहायचे ठरवले, त्या झेंड्याला अठ्ठावन्नही बाहेर राहिली. मागच्या गाडीचा बेत पुढची गाडी तिच्याआधी अमलात आणत होती.

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. हातात मावेल एवढा काळा खोका, वर रबरी अँटेना, आणि एका वायरीला जोडलेले दोन जाडजूड हेडफोन. शर्यतीत गाडी चालवणारा आणि त्याची माणसे वायरलेसवरून एकमेकांशी जे बोलतात, ते मी पकडतो आणि प्रेक्षकाच्या कानात पोचवतो. मला ऐकता येते, बोलता येत नाही. माझ्यात लहरी बाहेर पाठवणारा भाग बसवलेलाच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर जो आळ आला, त्या वेळी हे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

माझ्या अंगात एक छोटा भोंगाही आहे. भोंग्याचा पडदा विजेने हलतो तेव्हा आवाज निघतो. पण तोच पडदा भोवतालच्या आवाजानेही हलतो, बॅटरी असो वा नसो. मी जी बोलणी सांगणार आहे, ती सगळी त्या पडद्याने टिपलेली आहेत.

मला विकत घेतले ते मिस नदीन स्टेमी यांनी. त्यांचा मुलगा टोबिन सत्तावीस नंबर चालवू लागला, त्याच वर्षी. (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात.) नवरा व्हर्लन त्या गाडीचा मालक आणि मुख्य मिस्त्री. शर्यतीच्या वेळी तो खाली पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी उभा राहून टोबिनला सूचना देई. त्याच्या शेजारी एन्सल कीव्हर. टायरांचे सगळे काम कीव्हरचे. टायरवर तळहात ठेवून तो त्यातली हवा सांगे, आणि मग मापकाने तपासून पाहीच. त्याचे हे तपासून पाहणे मला फार आवडे. व्हर्लन आणि तो तरुणपणापासूनचे जोडीदार होते.

ती माझी भरभराटीची वर्षे. शनिवारी दुपारी मिस नदीन माझ्यात नव्या बॅटऱ्या घालत, अँटेना पुसत आणि म्हणत, "चल रे बाबा, कामाला लागू." सर्वांत वरच्या बाकावर आमची जागा ठरलेली होती. बाकाच्या पाठीमागे फळ्यांचे एक उंच मचाण होते. तिथे प्रत्येक गाडीचा एक टेहळ्या उभा राही आणि आपल्या चालकाला आजूबाजूची वाट सांगे. अठ्ठावन्नचा टेहळ्या अगदी आमच्या डोक्यावर. आमचा, मचाणाच्या दुसऱ्या टोकाला.

मग टोबिनचे लग्न झाले आणि ग्रेटा आली. उत्तरेकडच्या मिनेसोटातली, शांत, वाचनवेडी मुलगी. पहिल्या शनिवारी प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झाले, शर्यत सुरू करणारा हिरवा झेंडा पडला आणि तेवीस गाड्या आमच्या समोरून एका दमात गेल्या. बाक थरथरले. ग्रेटाने दोन्ही हात कानांवर दाबले. थोड्या वेळाने ती मिस नदीनच्या कानाशी ओरडली,

"मिस नदीन, या नुसत्या गोल गोलच फिरणार का?"

"मग काय चौकोनी फिरायला हव्यात? घाल हे कानाला!" असे म्हणून मिस नदीनने माझा दुसरा हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

शिकवणी तिथून सुरू झाली. मिस नदीनची पद्धत सोपी होती. पिवळा झेंडा पडला, गाड्या संथ झाल्या, की हेडफोन मानेवर ओढायचा, उकडलेल्या शेंगदाण्यांची पिशवी पुढे करायची आणि ग्रेटाच्या एका कानावरची गादी उचलून समजावायचे.

"अगं पोरी, पुढच्याकडे काय बघतेस? पुढच्याकडे तर सगळा गाव बघतोय. ते खाली बघ, सातव्या नंबरवर. पिवळी त्या हिरवीच्या मागे किती वेळ लागलीय?"

"कधीपासून तशीच आहे."

"तशीच नाहीये. प्रत्येक वळणाला टीचभर आत घुसत होती. त्या हिरव्याचे मागचे टायर गेलेत, म्हणून वळणावर शेपूट हलत होतं त्याचं. हिरवा झेंडा पडला की अजून चार फेऱ्या. मग बघ."

शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर तिसऱ्याच फेरीत पिवळी आतून निघून गेली आणि ग्रेटा बाकावरून उठून उभी राहिली. त्या क्षणी ती आमची झाली, असे माझे मत आहे. त्यानंतर तिला गोल गोल दिसेनासे झाले. दोन गाड्यांमधले अंतर दिसू लागले. वळणावर कोण आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, ते इंजिनाच्या आवाजावरून कळू लागले. माझ्यातून टोबिनचा आवाज आला, "मागून सरकतेय गाडी, पप्पा," की तिच्या हातातला शेंगदाणा तोंडापर्यंत जात नसे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. या शर्यतीत प्रत्येक गाडीला नव्या टायरांचा एकच संच मिळतो. तो कधी चढवायचा, यावर सगळा निकाल. पुढची गाडी आणि मागची गाडी एकाच वेळी टायर बदलतील, तर पुढची पुढेच राहते. मागच्याला जिंकायचे तर बेत लपवावा लागतो. आणि बेत तर उघड्या वायरलेसवर सांगावा लागतो, जो माझ्यासारखे शेकडो स्कॅनर ऐकत असतात. म्हणून तिथली मंडळी सांकेतिक बोलतात. स्टेमींच्या घरी ओपल नावाची एक आत्या होऊन गेली होती. "ओपल आत्या दारात आलीय," असे व्हर्लन म्हणाला, की टायरसाठी आत ये. "ओपल आत्या झोपलीय," म्हटले, की बाहेरच राहा. हा संकेत व्हर्लन, टोबिन, कीव्हर आणि मिस नदीन एवढ्यांनाच ठाऊक होता. मिस नदीनने तो ग्रेटाला सांगितला. घरात घेतल्याची ती खूण होती, आणि ग्रेटाला ते कळले होते.

त्यानंतरच ते तीन शनिवार आले.

तिसऱ्या शनिवारी हरल्यावर व्हर्लनने मालवाहू गाडीच्या फळीवर मूठ आपटली. आम्ही तिथेच होतो. मी मिस नदीनच्या खांद्याला लटकलेला.

"आत्या कोण ते कुणीतरी सांगतंय त्यांना. आपल्यातलंच."

"असेल योगायोग," कीव्हर टायर रचता रचता म्हणाला.

"तीनदा? तुझा भाचा अठ्ठावन्नचे नट आवळतो ना रे, कीव्हर?"

कीव्हरने हातातला टायर हळूच खाली ठेवला. "पाच वर्षं आवळतोय. आज आठवला होय तुला?"

"मी फक्त विचारतोय."

"नाही, व्हर्लन. तू विचारत नाहीयेस. विचारलं असतंस तर मी उत्तर दिलं असतं."

"मग दे की."

"मी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. झालं?"

व्हर्लनने तोंड फिरवले. कीव्हरने खिशातून हवेचा मापक काढला, रुमालाने पुसला आणि फळीवर ठेवला. "पुढच्या शनिवारी दुसरा बघ कुणीतरी," एवढेच बोलून तो गवतातून आपल्या गाडीकडे चालू लागला. त्याला कुणी हाक मारली नाही. मिस नदीनने माझी वायर मुठीत घट्ट धरली होती.

मग व्हर्लनची नजर माझ्याकडे वळली. "आणि हा खोका. कोण जाणे, यातूनच जात असेल सगळं बाहेर." त्याने माझ्या बॅटऱ्या उपसून काढल्या आणि मला गंजक्या बोल्टांच्या डब्यात टाकले. इतकी वर्षे मी त्याच घरातल्या मुलाचा आवाज त्याच्या आईच्या कानात एकही शब्द न गाळता पोचवला होता. माझे मागचे झाकण उघडून पाहिले असते, तरी माझ्यात तोंडच नाही हे दिसले असते. कुणी पाहिले नाही.

चौथ्या शनिवारी संकेत बदललेला होता आणि तो घरात कुणालाच सांगितलेला नव्हता. मिस नदीन आणि ग्रेटा कानांत बोळे घालून बसल्या. सत्तावीस जिंकली. अठ्ठावन्नला काही कळले नाही.

"बघितलंस?" व्हर्लन म्हणाला. "कीव्हर गेला, गळती थांबली."

मित्रांनो, हा तर्क ऐकायला पक्का वाटतो. पण त्या आठवड्यात बदललेल्या गोष्टी एकाहून जास्त होत्या. कीव्हर गेला होता, संकेत बदलला होता, आणि मी बंद होतो. एका वेळी अनेक गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या एकीचा हे सांगता येत नाही. व्हर्लनने त्यातली एक निवडली, कारण ती त्याच्या मनात आधीपासून होती.

पाचव्या शनिवारी मिस नदीनने मला डब्यातून काढून पिशवीत टाकले. "चालत नसला तरी चालेल, याच्याशिवाय बसवत नाही मला," त्या ग्रेटाला म्हणाल्या. पहिला पिवळा झेंडा पडला. गाड्या संथ झाल्या, गर्जना ओसरली, लोकांनी कानांतले बोळे काढले. दोन बाक सोडून एक जाडा गृहस्थ हेडफोन घालून बसला होता. त्या एकाएकी निवलेल्या हवेत तो शेजारच्या बायकोला सर्व शक्तीनिशी म्हणाला,

"लोरीन! माझी पँट मागून उसवलीय वाटतं!"

सगळी गॅलरी हसली. "उभा राहून दाखव, आम्ही सांगतो!" खालून कुणीतरी ओरडले. त्या गृहस्थाला काहीच कळले नाही. तो शांतपणे शेंगदाणे खात राहिला. मचाणावरचा अठ्ठावन्नचा टेहळ्याही वाकून हसत होता. पिवळ्या झेंड्यात सगळे टेहळे आपापसांत बोलायला करतात, तसा त्याने एक कान उघडा ठेवला होता.

ग्रेटा मात्र हसली नाही.

"मिस नदीन, पिवळा झेंडा पडला की तुम्ही हेडफोन काढता. मी काढते का?"

"तू कुठली काढतेस! चिकटलेला असतो तुझ्या डोक्याला. व्हर्लन काय बोलतोय ते मला ऐकून सांगायचं ना तुला."

"सांगते कशी? हळू सांगते?"

मिस नदीनने हातातली शेंगदाण्यांची पिशवी खाली ठेवली. "मला मेलीला निम्मं ऐकू येत नाही त्या घरघरीनंतर. मला वाटायचं, माझ्यासाठीच मोठ्याने बोलतेस."

ग्रेटाने पिशवीतून माझा मुका हेडफोन काढून कानांवर चढवला. माझ्यात बॅटरी नव्हती, पण त्या जाड गाद्या आवाज अडवायचे काम करतच होत्या. शर्यत पुन्हा सुरू झाली, आणि पुढचा पिवळा झेंडा लवकरच पडला. टायर बदलण्याच्या दृष्टीने वेळ अगदीच चुकीची होती. शहाणा मिस्त्री त्या वेळी गाडी आत बोलावणार नाही. ग्रेटा नेहमीच्या आवाजात, म्हणजे तिला जो नेहमीचा वाटे त्या आवाजात, म्हणाली,

"सत्तावीस आत येणार! टायर घालणार!"

पुढे असलेली लाल अठ्ठावन्न एकटीच वळली आणि आत शिरली. सत्तावीस बाहेर राहिली. बाकी सगळे बाहेर राहिले.

मिस नदीन उठल्या, मागे वळल्या आणि मचाणाकडे मान वर करून म्हणाल्या, "काय रे, कुणी सांगितलं तुला?"

टेहळ्या गोंधळला. "म्हणजे? तुम्हीच तर सांगता दर शनिवारी, मॅम. मला आधी वाटलं, आमची थट्टा करताय. पण दरवेळी खरंच निघायचं."

अठ्ठावन्न झिजलेल्या टायरांवर शेवटी कितवी आली, ते आम्ही पाहिले नाही. ग्रेटा पायऱ्या उतरून पिटच्या फाटकाकडे निघाली होती.

रविवारी चर्चनंतर आम्ही व्हर्लनसह कीव्हरच्या घरी गेलो. तो ओसरीवर वालाच्या शेंगा मोडत बसला होता. ग्रेटाने सगळे सांगितले. एकही गोष्ट वगळली नाही, स्वतःला सोडवणारे एक वाक्यही घातले नाही. "मिस्टर कीव्हर, मीच ओरडत होते," ती शेवटी म्हणाली.

"तुझं काही नाही गं, पोरी," कीव्हर म्हणाला. "तुझे कान झाकलेले होते. आपण ओरडतोय हे तुला कळणार कसं?" मग त्याने व्हर्लनकडे पाहिले. "तुझे उघडे होते. मी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, मी नाही म्हणून."

व्हर्लनने खिशातून तो मापक काढला आणि कठड्यावर ठेवला. "चूक झाली, एन्सल. ये परत."

"आता तुला पुरावा मिळाला म्हणून आलास. पुरावा असल्यावर विश्वास कशाला लागतो?" कीव्हरने पुढची शेंग उचलली. मापकाकडे त्याने हात नेला नाही. "गाडीला मागून उजवीकडे हवा थोडी कमी ठेव. टोबिनची शेपूट सरकते."

तो परत आला नाही. मापक त्या कठड्यावर असेल, किंवा नसेल. मला तपासायला मिळालेले नाही. मिस नदीनने मला पुन्हा बॅटऱ्या घातल्या आहेत, आणि ग्रेटा आता पिवळ्या झेंड्याला दोन्ही हातांनी हेडफोन खाली ओढते. माझ्यातून टोबिन तेच बोलतो. पण व्हर्लनच्या बोलण्यामागे कीव्हरच्या टायर ठोकून पाहण्याचा जो एक ठरावीक आवाज येत असे, तो येत नाही.

मित्रांनो, एखादे यंत्र दगा देते असे वाटले, तर टाकून देण्याआधी त्याचे झाकण उघडून पाहा. माणसाला झाकण नसते. त्याला विचारावे लागते, आणि उत्तर ऐकून घ्यावे लागते.

अठ्ठावन्नला आधी कसे कळले, त्याचे कारण येथे लिहून ठेवतो. हेडफोन घातलेल्या माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. गाड्या गरजत असताना ग्रेटा जेवढ्या मोठ्याने बोले, तेवढ्याच मोठ्याने ती पिवळ्या झेंड्यातही बोले. तिचा आवाज वाढला नव्हता, भोवतालचा कमी झाला होता. वर उभ्या असलेल्या टेहळ्याचा एक कान त्या वेळी उघडा असे. फितूर कुणीच नव्हते.